दोन टोले म्हणजे हळू

दसरा उलटला आणि वारा उत्तरेकडून यायला लागला की सातपाटीच्या किनाऱ्यावर वलांड्या भरतात. वलांडी म्हणजे बोंबील सुकवायचा बांबूंचा सांगाडा. त्याच्या दोरीवर बोंबील नुसते टाकत नाहीत. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर लटकवायची. एकटा बोंबील वाऱ्यानं खाली पडतो, जोडी पडत नाही. मग त्याचा वास अख्ख्या गावाला, गावाबाहेरच्या रस्त्याला आणि त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांना लागतो. आमच्या गाडीच्या सगळ्या काचा बंद, एसी चालू, डॅशबोर्डवर लिंबाचा की कसला तरी सुगंध चिकटवलेला; तरी शिरगाव आलं की वास आत येतोच. आमचे हे साताऱ्याकडचे. बोंबलाचा वास आला की नाकाला रुमाल लावतात, आणि जेवायला बसले की त्याच सुक्या बोंबलाची चटणी दोनदा मागून घेतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, काही गोष्टी सोडून द्यायच्या असतात.

मला मात्र त्या वासानं दरवर्षी आठवतो तो टेंपोच्या गियरचा दांडा. वर काळा गोळा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला, त्यावरचे आकडे कधीचे पुसलेले. त्या गोळ्यावर माझा हात आणि स्टिअरिंगवर बाबांचा. एक गाडी दोघांनी मिळून चालवायची, असा तो एक मोसम होता.

यंदा वास आला तेव्हा बाबा माझ्या शेजारीच बसले होते, आणि पावसाळ्यापासून ते एक शब्दही बोललेले नव्हते.

आधी गाडीचं सांगते, कारण ह्या गाडीवरून आमच्या घरात पुष्कळ चेष्टा झाली आहे. मी तारापूरच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, राहायला बोईसरजवळ सरावलीत. घर ते कंपनी अंतर तसं काहीच नाही, पण शिफ्ट सुटायच्या वेळी त्या रस्त्यावर निघून बघा. कंपन्यांच्या बसेस, टँकर, सायकली, रिक्षा आणि मधोमध ठाण मांडून बसलेली गाय. पहिला गियर, दुसरा, पुन्हा पहिला, क्लच, ब्रेक, क्लच. माझा डावा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा. हे म्हणाले गाडी बदलू. मला ह्यांचं म्हणणं जास्त पटलं.

मग ही ऑटोमॅटिक आली. क्लच नाही, गियर बदलायची कटकट नाही. ब्रेकवरचा पाय काढला की आपली आपण पुढे सरकते. आणि स्टिअरिंगच्या मागे, दोन्ही बाजूंना, बोटाएवढी दोन पाती. उजव्यावर अधिकचं चिन्ह, डाव्यावर उण्याचं. पॅडल शिफ्टर म्हणतात त्यांना. कधी हुक्की आलीच स्वतः गियर बदलायची, तर स्टिअरिंग न सोडता बोटानं पातं ओढायचं. उजवं ओढलं की गियर वर, डावं ओढलं की खाली. शोरूममधला मुलगा ह्यांना समजावून सांगत होता, की घाटात उपयोग होतो, ओव्हरटेकला होतो, रेसिंगच्या गाड्यांना असंच असतं. हे ऐकत होते आणि चेहरा असा फुललेला, की लग्नातसुद्धा मी तो तसा बघितला नव्हता. मी विचारलं, बोईसरच्या नाक्यावर रेस लावायची कुणाशी, टँकरशी? त्यावर तो मुलगा हसला, हे हसले नाहीत. पहिल्या आठवड्यात ह्यांनी पाती ओढून ओढून बघितली आणि मग विसरून गेले. मी तर हातही लावला नाही. जे काम गाडी स्वतः करते त्यात आपण कशाला नाक खुपसायचं?

डाव्या पायाची खोड मात्र लवकर जाईना. पुढची गाडी थांबली की तो क्लच शोधायला निघायचा आणि ब्रेकवर जाऊन आदळायचा. एकदा कंपनीच्या गेटपाशी अशी गचकन थांबले, की मागचा रिक्षावाला उतरून खिडकीपाशी आला. मॅडम, आगे कुछ था क्या, असं त्यानं अगदी काळजीनं विचारलं. पुढे काही नव्हतं. पायाला तेवढी जुनी आठवण होती, आणि ती मी त्याला हिंदीतून काय सांगणार?

त्या मोसमात मी पालघरला कॉलेजात शिकत होते. बाबा तांडेल, म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द चालतो तो माणूस. मोसमाच्या तोंडावरच, जाळं ओढताना, दोर आणि बोटीचा काठ ह्यांच्यामध्ये त्यांचा डावा पंजा सापडला. हाडं मोडली, दोन बोटं वाकडी झाली ती कायमची. हात फडक्यात घालून गळ्यात अडकवलेला. ऐन बोंबलाच्या दिवसांत तांडेल घरी, आणि बोट घेऊन काका गेला. बाबा ओट्यावर बसून समुद्राकडे बघायचे आणि आय आतून त्यांच्याकडे बघायची. माणूस आतल्या आत खचत चाललाय हे तिला कळत होतं, पण त्यावर औषध काय ते कळत नव्हतं.

तेवढ्यात आमच्या टेंपोचा ड्रायव्हर सणाला म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही. घरात सुक्या मासळीची थप्पी छपराला लागलेली, आणि ती बोईसरच्या बाजाराला न्यायची कुणी? बाबांना टेंपो चालवता यायचा. पण गियरचा दांडा डाव्या हाताला, आणि तो हात तर गळ्यात. आय म्हणाली, दुसरा ड्रायव्हर शोधू. बाबा तसेही फार बोलायचे नाहीत. समुद्रावर म्हणे त्यांचा आवाज शेजारच्या बोटीला ऐकू जायचा, पण वाळूला पाय लागला की तोंडाला कुलूप. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, तू इंजिनवर बस."

ह्याचा अर्थ कळायला आमच्या बोटीची रीत ठाऊक हवी. तांडेल वर, सुकाणूपाशी. त्याला पुढचं पाणी दिसतं. इंजिनवाला खाली, इंजिनपाशी. त्याला काही दिसत नाही आणि त्या धडधडाटात काही ऐकूही येत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये एक दोरी आणि एक घंटी. तांडेलानं एक टोला दिला की पुढे. दोन टोले म्हणजे हळू. तीन टोले म्हणजे इंजिन बंद. इंजिनवाल्यानं कशाला म्हणून विचारायचं नाही. ऐकायचं आणि करायचं.

ही रीत बाबांनी उचलून जशीच्या तशी टेंपोत आणली. घंटी नव्हती, पण उजव्या हातात चांदीची जाड अंगठी होती. स्टिअरिंगवरची पकड न सोडता नुसतं बोट उचलायचं आणि लोखंडी आऱ्यावर आपटायचं. टिंग. टेंपोच्या खडखडाटात माणसाचा आवाज बुडून जायचा, पण ती टिंग बरोबर कानात शिरायची. एक टिंग आली की गियर वर, दोन आल्या की खाली, तीन आल्या की न्यूट्रल. क्लच त्यांच्या पायाखाली, दांडा माझ्या हाताखाली. परवान्याबिरवान्याचं विचाराल तर परवाना बाबांकडे होता, आणि माझ्याबद्दल कुणी काही विचारलंच नाही.

पहिल्याच दिवशी मी पराक्रम केला. पालघरच्या नाक्यावर ही गर्दी. बाबांनी तीन टोले दिले. मी बसले होते टेंपोत, पण डोक्यात बोट. जन्मापासून ऐकत आलेले, तीन म्हणजे बंद. न्यूट्रलबिट्रल सगळं विसरले, हात लांब केला आणि सरळ किल्ली फिरवली. भर चौकात टेंपो मेला. बॅटरी आधीच म्हातारी, पुन्हा चालू व्हायचं नाव घेईना. मागे एसटी, एसटीच्या मागे सगळं पालघर. मागच्या बाजूला आमच्याच आळीतल्या दोन बाया मासळीच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. त्या उतरल्या, पदर खोचले आणि टेंपोला धक्का मारायला लागल्या. धक्का मारता मारता आमच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार चालला होता, तो नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत नीट ऐकू जात होता.

शिट्टी फुंकत हवालदार आला. गाडी बंद कुणी केली, म्हणाला. मला वाटलं आता बाबा माझ्यावर भडकणार. बाबांनी शांतपणे सांगितलं, की इंजिनवालीनं केली, आणि तिची चूक नाही. घंटी तीन झाली होती, तिनं बरोबर ऐकली. हवालदारानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आम्हाला जाऊ दिलं. तांडेल चारचौघांत आपल्या माणसाला बोल लावत नाही. बोटीवरची ती शिस्त मी फक्त ऐकून होते, ती त्या दिवशी मला मिळाली आणि मी एकदम मोठी झाले. घरी आल्यावर आयला सांगताना मात्र ते इतके हसले, की गळ्यातला हात दुखायला लागला.

त्या दिवसापासून आळीत माझं नाव इंजिनवाली पडलं. सकाळी उजाडताना निघायचो. वलांड्यांवर दव पडलेलं असायचं आणि ते उतरायच्या आत बोंबलांना हात लावायचा नाही, म्हणून बाया शाली गुंडाळून नुसत्या बोलत बसलेल्या असायच्या. आम्ही निघालो की त्यातली एखादी ओरडायची, इंजिनवाले, बापाला नीट आण गो. शिरगावला सुरूची झाडं, पुढे पालघर, मग उमरोळीला चहा. चहावाला दोन कप द्यायचा. बाबांना एका हातानं बशीत ओतता येत नाही म्हणून ते कप तोंडाला लावायचे आणि तोंड भाजून घ्यायचे. मग त्यांचा कप निवेपर्यंत ठेवायचा आणि तोवर माझा मी प्यायचा. बोईसरला बाजारात कारखान्यांतले कामगार यायचे, कुणी बिहारचे, कुणी ओडिशाचे, त्यांच्याशी भाव करायला बाबांचं हिंदी पुरायचं नाही. ते काम माझं. तिथून परत येताना मी पालघरला उतरायचे आणि थेट कॉलेजात जायचे. अंगाला वास यायचाच. बाकावर शेजारची मुलगी जरा सरकून बसायची. मला त्याचं वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण सकाळी ज्या हातानं आपण टेंपो हाकला त्याच हातानं आता वहीत लिहितोय, ह्याचा माज त्या वाईट वाटण्यापेक्षा मोठा होता.

त्या मोसमात मी बाबांचा डावा पाय जितका बघितला तितका चेहरा बघितला नसेल. पाय दबला की दांडा सरकवायचा, पाय उठायच्या आत तो बसला पाहिजे. सुरुवातीला मी दांड्याचा असा कर्कश आवाज काढायचे, की रस्त्यावरची कुत्री पळायची. मग हळूहळू कान तयार झाला. इंजिनाचा आवाज जड झाला की मला आधीच कळायचं, आता दोन येणार. आणि यायचेच. पुढे पुढे तर टोला आणि माझा हात एकदमच व्हायला लागले. आधी त्यांनी सांगितलं की आधी मी केलं, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. वाटेत आम्ही बोलायचो फार थोडं. तरी घरी पोचले की भरपूर गप्पा मारून आल्यासारखं वाटायचं.

थंडी सरता सरता बाबांच्या हाताचं फडकं सुटलं. त्या दिवशी ते काही न सांगता टेंपोत बसले, मीही सवयीनं शेजारी बसले. गाव सुटलं, इंजिन जड झालं, अंगठी वाजली आणि माझा हात दांड्यावर गेला. तिथे त्यांचा हात आधीच होता. दोन वाकडी बोटं, पांढरी पडलेली कातडी. माझा हात त्यांच्या हातावर पडला. मी काढून घेणार तर ते म्हणाले, "ऱ्हाव दे. तुझ्याबिगर गियर पडायचा नाय." तो गियर आम्ही दोघांनी मिळून टाकला. पुढच्या आठवड्यात ते बोटीवर गेले, नवा ड्रायव्हर आला आणि मी एसटीनं कॉलेजला जायला लागले. कितीतरी दिवस मला गाडीत बसून हात रिकामा वाटायचा.

आता ह्या वर्षीचं. पाऊस ऐन भरात असताना एका सकाळी बाबा मोरीत पडले. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणं गेलं. दवाखान्यातून सोडलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की व्यायाम आणि बोलण्याचे उपचार रोज व्हायला हवेत, म्हणून त्यांना आणि आयला मी सरावलीला माझ्याकडे आणलं. सातपाटीच्या घराला कुलूप लागलं. दवाखान्यात त्यांची अंगठी काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हातात दिली होती, ती आयनं कनवटीला लावली. उजवा हात सुजलेला, त्यात ती घालायची कशी?

बोलायला शिकवायला एक मुलगी यायची. गोड पोर. चित्रांची कार्डं आणायची. पाणी दाखवायची, भात दाखवायची, म्हणा आजोबा, पा-णी. बाबा तिच्याकडे बघत राहायचे. एकदा तिनं माशाचं कार्ड काढलं. मासा होता नारिंगी, ओठ फुगवलेले. बाबांनी डाव्या हातानं ते कार्ड उचललं आणि पालथं करून ठेवलं. मला हसूही आलं आणि रडूही. त्यानंतर त्यांनी कार्डांकडे बघायचंच सोडलं. मुलगी आली की डोळे मिटून घ्यायचे. जेवण भरवलं तर जेवायचे, उठवलं तर उठायचे, पण हवं-नको म्हणून मानसुद्धा हलवेनासे झाले. आय म्हणायची, जन्मभर ह्या माणसाला म्हटलं जरा बोला, आता म्हणते तर माणूस ऐकायलाच जागेवर नाय. असं म्हणायची आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत बसायची.

दिवाळीच्या आधी त्या मुलीनं मला दाराबाहेर बोलावलं. ती म्हणाली, "ताई, शब्द तोंडात नंतर येतात. आधी काहीतरी सांगावंसं वाटावं लागतं. आजोबांना सांगावंसं वाटायचंच बंद होतंय, त्याची मला भीती वाटते." मी रात्रभर तेच घोळवत राहिले. आमच्या घरात सगळं त्यांच्या आधी हजर व्हायचं. तहान लागायच्या आत पाणी, थंडी वाजायच्या आत चादर. मी, आय, हे, तिघंही त्यांच्या सेवेला अशी तयार, की त्यांना सांगायला आम्ही काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. प्रेमानंच केलं होतं सगळं. पण मला भीती वाटायला लागली, की बाबा असेच, काही न सांगता, संपून जातील.

आणि वारा फिरला. गावाहून चुलतबहिणीचा फोन आला, की वलांड्या भरल्या. मी रविवारी सकाळी बाबांना उचलून गाडीत बसवून गावी न्यायचं ठरवलं. ह्यांनी उचलायला मदत केली आणि स्वतः घरीच राहिले. म्हणाले, तुमचं तुम्ही जाऊन या. बाबा पुढे माझ्या डाव्या बाजूला, आय मागे. निघताना आयनं कनवटीची अंगठी काढली आणि बाबांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात घातली. मोडलेली दोन बोटं सोडून. गावात जायचं तर हात बोडका बरा दिसत नाय, एवढंच म्हणाली.

बोईसर सुटलं. गाडी आपली आपण चालली होती. ही गाडी किती शहाणी आहे हे मला कधी नव्हे ते त्या दिवशी खुपलं. कधी पहिल्यातून दुसऱ्यात जाते, कधी तिसऱ्यात, कळतही नाही. तिला कुणी काही सांगावं लागत नाही. बाबा खिडकीबाहेर बघत होते, की नुसतेच तोंड तिकडे करून बसले होते, कोण जाणे. उमरोळी गेली. तो चहावाला आता नाही, तिथं मोबाईलचं दुकान आहे. मी तेही त्यांना सांगितलं. पालघरचा नाका आला, तेव्हा मी म्हटलं, बाबा, इथेच मी इंजिन बंद केलं होतं. आय मागून हसली. बाबा हलले नाहीत.

शिरगावला वास आत आला. मी बोलणं थांबवलं, कारण बाबांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. पुढे रस्त्यात गतिरोधक होता आणि त्याच्या पलीकडे मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायांची रांग. मी ब्रेकवर पाय नेला तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. बाबांचा डावा पाय, तोच एक ताब्यात राहिलेला पाय, चपलेसकट पुढे सरकला होता आणि गाडीच्या तळाला दाबत होता. तिथं काही नव्हतं. नुसता गालिचा होता. आणि मग खिडकीच्या काचेवर वाजलं. टिंग, टिंग.

मला वाटलं खडा उडाला. मी काचेकडे बघितलं, पुन्हा रस्त्याकडे. मागून आय पुढे वाकली आणि माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "बघतेस काय? घंटी मारली त्यांनी. गियर टाक."

गियर टाकायचा कुठे? माझा डावा हात आपोआप दांड्याकडे गेला होता, पण त्या दांड्याला आता पुढे, मागे आणि उभं राहणं, एवढंच येतं. मग मला ती पाती आठवली. इतके दिवस कुणी न विचारलेली. मी डाव्या हाताचं बोट मागे नेलं आणि उण्याचं पातं ओढलं. इंजिनाचा आवाज बदलला, गाडी जराशी अंग चोरून हळू झाली. समोरच्या छोट्या पडद्यावर गियरचा आकडा एकानं उतरला. बाबांनी मान वळवली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा त्यांनी कुठेतरी, मुद्दाम, बघितलं. आधी माझ्या बोटाकडे, मग स्टिअरिंगमागच्या पात्याकडे.

बाया बाजूला झाल्या. रस्ता मोकळा झाला. मी मुद्दाम काही केलं नाही. गाडीला स्वतःच वर जायची घाई असते, म्हणून वेगही वाढवला नाही, तशीच रेंगाळत चालवली. मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून जीव खाल्ला. मी वाट बघत होते. आणि वाजली. एक. मी उजवं पातं ओढलं.

शिरगाव ते सातपाटी हा रस्ता मी आयुष्यात किती वेळा केला असेल, पण इतका छान कधी केला नव्हता. वळण आलं, दोन. वळण सरलं, एक. समोरून टेंपो आला, दोन. एकदा मला वाटलं आता दोन येणार आणि मी पातं आधीच ओढलं, तर बाबांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. पूर्वी असे बघायचे तसेच. आय मागे पदर तोंडाशी धरून रडत होती आणि मध्येच हसत होती, आणि मला ओरडत होती की रस्त्याकडे बघ. मी बघत होते. डोळ्यांत पाणी आलं तरी रस्ता दिसतो, सवयीचा असला की.

किनाऱ्यावर आलो तसे तीन टोले पडले. तीन म्हणजे बंद. ह्या वेळी मी न्यूट्रलचा विचारच केला नाही. थेट इंजिन बंद केलं, बोटीवर करतात तसं, आणि काचा खाली घेतल्या. समोर वलांड्या, पार वाळूच्या टोकापर्यंत. जोडीजोडीनं लटकलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते, काही अजून ओले आणि चकचकीत, काही पिवळे पडत आलेले. त्यांच्या मागे बोटी. कुणी कुणी ओळखून हात केला. बाबा बघत राहिले. काय हवं, बरं वाटतं का, पाणी देऊ का, असलं मी काही विचारलं नाही, आणि सांगते, ते न विचारणं मला फार जड गेलं.

मग बाबांनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं. मांडीवर कधीपासून नुसता ठेवून दिलेला तो हात त्यांनी उचलला, सावकाश, एकदा सुटला तो पुन्हा धरला, आणि आमच्या दोघांच्या मधल्या त्या दांड्यावर आणून ठेवला. मी माझा हात त्यावर ठेवला. हात गार होता, पण बोटाखाली काहीतरी हललं. निदान मला तरी तसं वाटलं.

ते पुन्हा खिडकीकडे वळले. काच खाली होती, म्हणून अंगठी दाराच्या पत्र्यावर वाजवली. एक.

एक म्हणजे पुढे. पुढे वाळू संपते, डावीकडे आमची आळी लागते आणि आळीच्या टोकाला घर आहे, पावसाळ्यापासून कुलूप लावलेलं. एवढ्या महिन्यांत मी त्यांना नाना प्रश्न विचारले होते. घरी जायचंय का, हे विचारलंच नव्हतं. आता ते त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

मी गाडी चालू केली. मागून आय म्हणाली, "चावी हाय माझ्याकडे. कवापासून कमरेलाच हाय."

उभ्या गाडीत उजवं पातं ओढून काही होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी आधी ते ओढलं, आणि मग ब्रेक सोडला.